वार्षिक प्रवास विमा आणि मध्येच बदललेली तब्येत : अनुभव धागा

सुरंगी (वेंगुर्ले)
वार्षिक प्रवास विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला, म्हणून आईची गेल्या वर्षीची फाईल काढली. प्रस्तावात (विमा घेताना भरलेल्या अर्जात) बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० लिहिलेली. आज गोळ्यांच्या डब्यात टेल्मिसार्टन ८० आहे, शिवाय कोलेस्टेरॉलची रोसुवास्टॅटिन नवीन. मेसेजखाली मात्र फक्त पैसे भरायची लिंक, तब्येतीबद्दल एकही प्रश्न नाही.

आपल्या किनाऱ्यावर घरटी कोणी ना कोणी आखातात, लंडनला नाहीतर टोरांटोला. आईवडील वर्षातून एकदोनदा तिकडे जातात आणि हप्ता भरला की काम झालं असं धरून चालतात. विमा वर्षाचा असला तरी तब्येत वर्षभर तीच राहत नाही. दावा अडकतो तो नेमका इथे. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी कृपया लिहा. कंपन्यांची नावं नकोत, काय करायचं ते हवं.

करवंद
एजंटाच्या बाजूने सांगते. प्रवास विम्याचं नूतनीकरण म्हणजे बहुतेक वेळा नवा करार. त्यामुळे तीन गोष्टी होतात.

गेल्या वर्षी ज्या दुखण्यासाठी दावा केला, ते यंदा 'आधीपासूनचा आजार' धरलं जातं. दुसरं, घरच्या मेडिक्लेममध्ये वेटिंग पिरियड (थांबायची ठरावीक मुदत) संपला की जुना आजार आत येतो. ती सोय इथे गृहीत धरू नका. बहुतेक पॉलिसींत जुना आजार वगळलेला असतो, किंवा जिवावर बेतलं तरच आणि तेही ठरावीक रकमेपर्यंतच. ती रक्कम शेड्यूलमध्ये (पॉलिसीसोबतच्या तपशिलाच्या पानावर) वेगळ्या ओळीत असते, मोठ्या आकड्याकडे बघून खूश होऊ नका. तिसरं, खात्यातून आपोआप पैसे कापायची सोय लावली असेल तर जुन्याच उत्तरांवर नवी पॉलिसी निघते. आजार नवा आणि उत्तरं जुनी, म्हणजे कंपनीच्या हातात कारण तयार.

आणखी एक. वार्षिक पॉलिसीत फेऱ्या कितीही, पण प्रत्येक फेरीला दिवसांची मर्यादा असते, ३०, ४५ किंवा ६०. नातवंडं सांभाळायला ४ महिने जाणाऱ्या आईला ही पॉलिसी उपयोगाची नाही, तिला एकाच फेरीची लांब मुदतीची घ्या.

खाडीकाठ
बरा केलंस ह्यो धागो काढलंस. माका एक सांगा, अप्पांच्या गोळीची फक्त कंपनी बदलली हा, पावर तीच. तां पण कळवूचा काय?

संध्याकाळची ओपीडी
@खाडीकाठ, घटक तोच आणि मात्रा तीच असेल तर आजारात बदल नाही. पण पाकिटावरचं ब्रँडचं मोठं नाव न बघता खालच्या बारीक अक्षरांतलं घटकाचं नाव बघा. आपल्याकडे दुकानात एक ब्रँड नसला की दुसरा मिळतो आणि कधीकधी त्यात बीपीचंच दुसरं औषध, अ‍ॅम्लोडिपिन जोडलेलं असतं. पाकीट सारखंच दिसतं, औषध मात्र एकाचं दोन होतं.

बदल म्हणजे काय, हे डॉक्टर म्हणून एकदा स्पष्ट लिहिते. मात्रा वाढली तर बदल. मात्रा कमी झाली तरी बदल, हे लोकांना पटत नाही. नवं लक्षण, नवं औषध, बंद केलेलं औषध, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवणी, सांगितलेली पण न केलेली तपासणी, हे सगळे बदल. केस पेपरवर कोपऱ्यात 'टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या' असं लिहिलं आणि तुम्ही म्हणालात की परत आल्यावर करू, तर ती अपुरी तपासणी आहे. छातीत दुखलं की विमा कंपनी तोच कागद मागते. जायच्या आधी एको करा, नॉर्मल आला तरी रिपोर्ट फाईलला लावा.

जुई_मालवण
सांगितलेली पण न केलेली तपासणी!! हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. बाबांची स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासतात ती) अशीच राहिली आहे. उद्याच नंबर लावते.

मेपलचं झाड
कॅनडाबद्दल. आईवडिलांच्या सुपर व्हिसाला (मुलांकडे लांब मुक्कामासाठीचा व्हिसा) किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आणि प्रवेशापासून किमान १ वर्षाचा वैद्यकीय विमा लागतो. तिथल्या पॉलिसीत कळीचा शब्द 'स्टेबल'. विमा सुरू होण्याआधीचे ९० किंवा १८० दिवस (वयावर आणि योजनेवर अवलंबून) जुन्या आजारात काहीही बदल झालेला नसला पाहिजे. वर डॉक्टरांनी सांगितलं तेच सगळं त्यात येतं. काही पॉलिसींत इन्सुलिन आणि वॉरफेरिनच्या (रक्त पातळ करणारं औषध) नेहमीच्या किरकोळ फेरबदलाला सूट असते, सगळ्यांत नसते. कलम शोधून वाचा.

व्यवहारात याचा अर्थ असा की विमान जूनमध्ये असेल तर नेहमीची मोठी तपासणी नोव्हेंबरमध्येच उरका. औषध बदलायचं असेल तर तेव्हाच बदलेल आणि १८० दिवस निघून जातील. मात्र प्रवासासाठी म्हणून डॉक्टरांना औषध बदलू नका असं कृपया सांगू नका. गरज असेल तर औषध घ्या, तिकीट पुढे ढकला.

संध्याकाळची ओपीडी
शेवटच्या दोन ओळींसाठी मनापासून धन्यवाद.

कातळ
इंग्लंडात राहून गणपतीला गावी येणाऱ्यांसाठी. तिथल्या वार्षिक पॉलिसीत भारत 'जगभर, अमेरिका-कॅनडा-कॅरिबियन वगळून' या गटात बसतो. फक्त युरोपची पॉलिसी स्वस्त दिसते म्हणून घेतली तर रत्नागिरीत ती चालत नाही. युरोपात सरकारी उपचारांसाठी चालणारं तिथलं जीएचआयसी कार्डही भारतात चालत नाही. एका फेरीची मर्यादा बऱ्याचदा ३१ दिवस, तेव्हा गणपतीला येऊन दसऱ्यापर्यंत थांबणाऱ्यांनी दिवस मोजावेत.

तब्येतीचं: घेताना आणि नूतनीकरणाला वैद्यकीय प्रश्नावली असते, 'गेल्या २ वर्षांत', 'गेल्या ५ वर्षांत' वगैरे. मध्ये बदल झाला तर कधी कळवायचं हे प्रत्येक पॉलिसीत वेगळं. काहींत निघेपर्यंतचा प्रत्येक बदल, काहींत नवी फेरी बुक करण्याआधीचा. कळवल्यावर कंपनी तसंच चालू ठेवते, जादा हप्ता मागते, तो आजार वगळते किंवा विमा रद्द करते. विमा रद्द केला तर आधीच बुक केलेल्या फेरीचा रद्द-खर्च मिळतो का, हे त्याच फोनवर विचारा. मोठा आजार असलेल्यांना नकार मिळाला तर मनीहेल्परच्या (पैशांबाबत सल्ला देणारी तिथली सरकारी सेवा) यादीत अशा आजारांचा विमा देणाऱ्या खास कंपन्या सापडतात.

आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: प्रवास तुमचा, पण आजारी गावातले वडील. त्यांच्यामुळे प्रवास रद्द करावा लागला तर बुकिंगच्या वेळी त्यांची तब्येत काय होती हेही तपासतात. बुकिंग करताना ते दवाखान्यात दाखल असतील तर तो दावा बहुधा मिळत नाही.

औषधाची पेटी
औषध दुकानातून. यूएईला जाणाऱ्यांनी नीट वाचा. प्रेगाबालिन, ट्रामाडोल, कोडीन तिथे नियंत्रित औषधं आहेत. मधुमेहात पायांची आग होते त्यासाठी आपल्याकडे मिथाइलकोबालामिनबरोबर प्रेगाबालिन एकाच गोळीत सर्रास देतात, आणि घरचे म्हणतात 'ती व्हिटॅमिनची गोळी'. गुडघेदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडोल असतं. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन. तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आगाऊ परवानगी काढता येते. चिठ्ठी, औषधाचं घटकनाव, मात्रा, किती दिवसांचं औषध, हे सगळं लागतं. नाहीतर डॉक्टरांना पर्याय विचारा, पण तो बदल विम्याला कळवायचा.

इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात गोठलं तर निकामी होतं आणि बघून कळतंच असं नाही. चिठ्ठी इंग्रजीत, पासपोर्टवरच्या नावाने. 'अण्णा' किंवा 'बाई' असं घरगुती नाव घातलेली चिठ्ठी कामाची नाही.

आणि खसखस नेऊ नका. तिथे बंदी आहे.

जुई_मालवण
अनारशांवरची पण??

औषधाची पेटी
अनारशांवरची, मोदकाच्या सारणातली, सगळीच. फराळ पाठवताना अनारशाला तीळ लावा.

तांबडी माती
आमच्याकडे अनारसे तीळ लावूनच करतात, छान लागतात. लाडवांत सुद्धा खसखस भाजून घालतात बरं का, तेही बघा.

बाणकोट
उमराला अम्मी-अब्बा निघालेत. व्हिसाबरोबर विमा येतो म्हणतात, मग वेगळा कशाला?

करवंद
@बाणकोट, तो सौदीपुरता असतो. वाटेत दुसऱ्या देशात थांबा असेल तर तिथे त्याचा उपयोग नाही. दोघांना शुगर-बीपी असेल तर वेगळा घ्या आणि आजार लिहूनच घ्या. देवाच्या दारी जाताना घोर नको.

बाणकोट
जज़ाकल्लाह ताई. लिहूनच घेतो.

रातांबा
मुंबईहून विमान असेल तर कोकण रेल्वे त्याच दिवशी पकडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली आणि गाड्या अडकल्या. 'मिस्ड कनेक्शन' बहुतेक पॉलिसींत आधीच्या विमानाला उशीर होऊन पुढचं विमान चुकलं तर असतं, रेल्वेमुळे चुकलं तर नसतं. एक दिवस आधी मुंबई गाठा. विषय तब्येतीचा आहे हे कळतं, पण रात्रभर डब्यात बसून राहिलेल्या बीपीच्या माणसाची तब्येतही त्यातच आली.

फाईलवाली
दाव्यांचं काम करते, म्हणून परदेशात दाखल व्हावं लागलं तर काय, ते.

पॉलिसीवर मदत-केंद्राचा नंबर असतो. दाखल होण्याआधी, तातडीचं असेल तर २४ तासांच्या आत फोन. पॉलिसी नंबर, पासपोर्ट नंबर, दवाखान्याचं नाव तयार ठेवा आणि नोंद-क्रमांक लिहून घ्या. दाखल झाल्यास कॅशलेस होऊ शकतं, ओपीडीचे पैसे बहुधा आधी भरून मग मागायचे. ठरलेली वजावट (५० किंवा १०० डॉलर अशी काहीतरी) आपल्यालाच सोसायची. बोर्डिंग पास, पासपोर्टवरचे शिक्के, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं निवेदन, मूळ बिलं, रद्द केलेला चेक, यांतलं काही फेकू नका.

सर्वांत जास्त घोळ कुठे होतो? दाखल करताना कोणी विचारतं, 'बीपी कधीपासून?' घाबरलेली सून म्हणते, 'खूप वर्षांपासून असेल.' तिथे कागदावर '१० वर्षे' पडतं. प्रस्तावात ३ लिहिलेलं. मग घरी जाण्याआधी डिस्चार्जचा कागद वाचा आणि चूक असेल तर पहिल्या चिठ्ठीची तारीख दाखवून तिथल्या तिथे सही-शिक्क्यानिशी दुरुस्त करून घ्या. महिन्याने केलेली दुरुस्ती कंपनी संशयाने बघते. म्हणून निदानाची पहिली चिठ्ठी, मग ती गावातल्या डॉक्टरांच्या निळ्या शाईतली आणि घडी फाटलेली का असेना, फोटो काढून मुलांच्या फोनमध्ये ठेवा.

मुक्काम वाढवायचा असेल तर मुदत संपण्याआधी अर्ज करा. तब्येत चांगली असल्याचं लेखी द्यावं लागतं. मधे दावा झालेला असेल तर वाढ नाकारली जाऊ शकते.

सुरंगी (वेंगुर्ले)
सगळ्यांचे खूप आभार. कळवायचं कसं, फोन की ईमेल?

फाईलवाली
फोन करा, पण कागद ईमेलचाच. एवढा मजकूर पुरतो: 'पॉलिसी क्रमांक अमुक. मागील प्रस्तावानंतर झालेले बदल: टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ वरून ८० मिग्रॅ, अमुक तारखेपासून. रोसुवास्टॅटिन १० मिग्रॅ नव्याने सुरू, अमुक तारखेपासून. दाखल होणे नाही, बाकी असलेली तपासणी नाही. चिठ्ठी सोबत. या बदलांसह विमा चालू राहील का, कोणत्या अटीवर, ते लेखी कळवावे.' इंग्रजीत पाठवा, म्हणजे परदेशातल्या मदत-केंद्रालाही वाचता येईल. आणि हे हप्ता भरण्याआधी. 'मेल मिळाला' एवढं आपोआप आलेलं उत्तर म्हणजे मंजुरी नव्हे. बदल नोंदवल्याचं पत्र किंवा सुधारित शेड्यूल येईपर्यंत पाठपुरावा करा.

खाडीकाठ
सुरंगी, रोसुवास्टॅटिनची तारीख चिठ्ठीवरची घाल, मेडिकलच्या बिलावरची नको. दोन्हींत आठ-दहा दिवसांचो फरक असता.