१९६६ ची बीटल पुन्हा रंगवायची आहे: मूळ निळा, हिरवा की सिल्व्हर मेटॅलिक?

एअरकूल्ड_६६

नमस्कार मंडळी. गाडी १९६६ ची फोक्सवॅगन बीटल. पत्र्याचं काम संपत आलंय. इंजिन बाहेर आहे, चारही मडगार्ड आणि रनिंग बोर्ड उतरवलेत, काचा अजून जागेवर आहेत. सध्याचा रंग पांढरा, पण तो कंपनीचा नाही. पेट्रोलच्या टाकीखाली आणि ग्लोव्ह बॉक्सच्या मागे गडद निळा निघाला. त्या काळच्या शेड कार्डाशी ताडून पाहता तो एल ३६० म्हणजे सी ब्लू दिसतो. दाराच्या फटीत पांढरा आणि निळा यांच्या मधे एक लाल थरही आहे.

मनात तीन रंग आहेत. एक तोच मूळ निळा, दुसरा त्याच काळातला जावा ग्रीन (एल ५१८), तिसरा आजच्या गाड्यांवर असतो तसा सिल्व्हर मेटॅलिक. विचारायचं ते असं: यातला कोणता घ्यावा? सिंगल स्टेज पीयू (पॉलियुरेथेन, रंग आणि चमक एकाच थरात) मारावा की बेसकोट (नुसता रंग) आणि वर क्लिअर (पारदर्शक चमकीचा थर)? जुन्या थरांवरच प्रायमर मारून चालेल का? आणि एकूण किती रंग लागेल?

पत्राकाम

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खाली काय आहे हे कळल्याशिवाय वरचा कुठलाच रंग टिकणार नाही.

पांढरं फडकं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवून न दिसणाऱ्या जागी अर्धा-एक मिनिट दाबून धरा. रंग फडक्यावर उतरला किंवा नखाने ओरखडण्याइतका मऊ पडला, तर तो एनसी लॅकर किंवा हार्डनरशिवाय मारलेला रंग आहे. काहीच झालं नाही तर टू-के (म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला) पीयू किंवा कंपनीचं भट्टीत भाजलेलं इनॅमल. ही चाचणी प्रत्येक थराची वेगळी करा. पांढरा पीयू असेल आणि त्याखालचा लाल एनसी असेल, तर नुसता वरचा थर तपासून फसगत होते. एनसीवर टू-के मारला की नव्या रंगातलं सॉल्व्हंट खाली मुरतं, जुना थर फुगतो आणि सगळ्याला सुरकुत्या येतात. कधी लगेच येतात, कधी आठवडे गेल्यावर घासकामाच्या रेषा वर उमटतात.

जाडी मोजायचा गेज मिळाला तर सगळीकडे फिरवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३००-३५० च्या पुढे आकडे येत असतील तर त्यावर आणखी थर चढवू नका. एवढा जाड थर उन्हात तापून आणि रात्री थंड होऊन कडांना तडकतो. १००० च्या पुढे आकडा गेला तर तिथे खाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरलेली आहे. तुमच्या गाडीवर तीन वेगवेगळे रंग आहेत, त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पत्र्यापर्यंत उतरवा.

छत, बॉनेट आणि दाराचा मधला भाग सँडब्लास्ट करू नका, मोठा पत्रा ताणला जाऊन लाटा पडतात. मोकळ्या जागी रंग काढायचं रिमूव्हर चालेल, पण दार आणि बॉनेटच्या दुमडलेल्या कडांपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवा. दुमडीत शिरलेलं रिमूव्हर निघत नाही, आणि रंग झाल्यावर महिन्याभराने तिथूनच फोड येतात. कडा हाताने, ८० नंबरच्या घासकागदाने काढा. त्या काळच्या रंगांत शिशाची रंगद्रव्यं असू शकतात, लाल-पिवळ्यांत विशेष. म्हणून शक्य तिथे ओलं घासकाम करा, मास्क लावा आणि कोरडी धूळ झाडू नका.

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे, दोन कोट. लांबी त्यावर, इपॉक्सी १८० ने खरडून घेतल्यावर.

शेडकार्ड

आता रंगाकडे येतो. सिल्व्हर मनातून काढून टाका, असं मी म्हणेन. गाडीच्या काळाशी तो जुळत नाही हे एक कारण झालं, पण त्याहून मोठं कारण रंगकामाचं आहे. मेटॅलिकमध्ये अॅल्युमिनियमचे चपटे कण असतात. ते ओल्या थरात कसे आडवे पडतात यावर शेड ठरते. पत्रा आडवा ठेवून मारला तर एक शेड, उभा टांगून मारला तर दुसरी. रंग फवारायची गन जवळ आली किंवा थर ओला झाला तर गडद, लांब गेली तर फिकट. बीटलची चारही मडगार्ड सुटी रंगवावी लागतात, आणि बॉडीशेजारी बसवल्यावर तो फरक बीडिंगच्या (मडगार्ड आणि बॉडीमधल्या पट्टीच्या) रेषेवर लगेच उघडा पडतो. शिवाय मडगार्डवर दगडाचा टवका उडाला की सॉलिड रंगात तेवढाच ठिपका भरता येतो, मेटॅलिकमध्ये अख्खा भाग पुन्हा मारावा लागतो.

दुसरी गोष्ट, बीटलच्या बाबतीत लोक ही हमखास विसरतात. या मॉडेलचा डॅशबोर्ड पत्र्याचा आहे आणि तो बॉडीच्याच रंगात असतो. दाराच्या आतल्या वरच्या कडा, काचेभोवतीचे खांब, सगळं तसंच. म्हणजे तुम्ही निवडलेला रंग गाडी चालवताना सतत डोळ्यांसमोर असणार. सीट, दारांचे पॅनल आणि छताचं कापड कोणत्या रंगाचं आहे ते आधी लिहून काढा, आणि नमुन्याचा पत्रा सीटवर टेकवून बघा. बाहेरून सुरेख दिसणारा गडद हिरवा आत लालसर तपकिरी सीटशेजारी जड वाटू शकतो.

कागदी शेड कार्डावर निर्णय घेऊ नका. तीस बाय चाळीस सेंटीमीटरचे पत्र्याचे तुकडे घ्या, हाताने थोडा बाक द्या, आणि प्रत्येक रंगाचा पूर्ण नमुना मारा: तोच प्रायमर, तेवढेच कोट, तीच गन. गाडीच्या दाराजवळ उभे धरून तीन वेळा बघा: सकाळच्या उन्हात, ढगाळ किंवा सावलीच्या उजेडात, आणि रात्री दिव्याखाली. गडद निळे आणि हिरवे दिव्याखाली नुसते काळे दिसू शकतात. बीटलची सगळी मजा तिच्या गोलाईत आहे. मध्यम खोलीचा रंग असेल तर उजेड-सावलीतून ती गोलाई डोळ्यांना दिसते. फार गडद रंगात फक्त आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, आणि पत्र्यातली प्रत्येक लाट त्या प्रतिबिंबात वाकडी होते.

पांढऱ्याचा विचार पुन्हा आलाच तर एक सावधगिरी. त्या काळच्या यादीतला एल ८७ पर्ल व्हाइट हा साधा, किंचित पिवळसर झाक असलेला सॉलिड पांढरा आहे, त्यात चमकीचे कण नाहीत. नुसतं नाव सांगितलंत तर आजचा तीन थरांचा मोत्यासारखा पांढरा मिळून हाती येतो. प्रत्येक वेळी नावासोबत कोड आणि साल द्या.

एअरकूल्ड_६६

सिल्व्हर रद्द. थिनरने तपासलं: पांढरा हलला नाही, लाल फडक्यावर उतरला. तेव्हा पत्र्यापर्यंत उतरवणार. सीटचं रेक्झिन फिकट करड्या रंगाचं आहे, छताचं कापड मळकट पांढरं. निळा कोडवरून मिक्स करून घ्यावा की गाडीवरच्या नमुन्यावरून? टाकीखालचा भाग उन्हातला नसल्यामुळे तोच अस्सल असेल ना?

जुना_इनॅमल

अर्धं बरोबर. टाकीखालचा रंग उन्हाने फिका पडलेला नाही, पण जुनं इनॅमल अंधारात वर्षानुवर्षं राहिलं की पिवळसर पडतं. निळ्यावर पिवळी झाक चढली की तो हिरवट वाटतो, आणि मशीनने वाचलं तर फॉर्म्युलाही हिरवट येतो. तो भाग साबणाने, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा, बारीक कंपाउंडने हलकं पॉलिश करा आणि काही दिवस उजेड लागू द्या. पिवळेपणा बराच कमी होतो. मग स्पेक्ट्रोने (रंग मोजायच्या मशीनने) तीन-चार जागी वाचन घ्या.

त्याच वेळी कोडवरूनही एक नमुना मिक्स करून घ्या. एकाच कोडचे दोन-तीन फॉर्म्युले निघू शकतात, कारण शिशाची आणि इतर जुनी रंगद्रव्यं गेल्यावर प्रत्येक रंग कंपनीने ते आपापल्या परीने नव्याने बसवले. दोन्ही नमुने पत्र्यावर मारा, वाळू द्या आणि पॉलिश केलेल्या जुन्या भागाशेजारी धरा. ओल्या रंगाची तुलना करू नका, वाळल्यावर सॉलिड रंग बहुधा थोडा गडद होतो.

गाडीचा मूळ रंग पक्का करायचा असेल तर वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन ऑटोम्युझियमकडून चासिस नंबरावरून जन्मदाखला मागवता येतो. कारखान्यातून गाडी कोणत्या रंगात आणि आत कोणत्या सजावटीत निघाली ते त्यात लिहिलेलं असतं. रंग ठरवण्याआधी मागवलात तर उपयोग, नंतर नुसती फ्रेम.

माझं मत निळ्याकडे आहे. करडं रेक्झिन आणि निळा डॅशबोर्ड एकमेकांना छान धरून राहतात. शिवाय कुठे एखादा कोपरा रंगवायचा राहिला, टाकीखाली किंवा गालिच्याखाली, तरी तिथे आधीपासून तोच रंग असतो.

पत्राकाम

जावा ग्रीनची बाजू कोणी घेत नाही म्हणून लिहितो. तोही त्याच काळातला सॉलिड रंग आहे आणि या गोलाईवर फार देखणा दिसतो. पण रंग बदलायचा तर तो पूर्ण बदला: दाराच्या चौकटी, बिजागऱ्यांमागची जागा, इंजिनाचा कप्पा, बॉनेटखालचा भाग, डॅशबोर्ड, मागच्या सीटमागचा दिसणारा पत्रा. दार उघडल्यावर जुना रंग डोकावला की सगळं काम अर्धवट वाटतं. काचांची रबरं काढूनच मारा. टेप लावून मारलेला रंग रबराच्या कडेने पापुद्र्यासारखा सुटतो. नोंदणीच्या कागदांवर रंग लिहिलेला असेल तर तिथेही बदल करून घ्यावा लागेल, तो काम सुरू करण्याआधी विचारून ठेवा.

शेडकार्ड

सिंगल स्टेज की क्लिअर, याचं उत्तर: सॉलिड रंगाला टू-के सिंगल स्टेज. एकाच थरात रंग आणि चमक दोन्ही येतात, आणि कडांवर ती काचेसारखी जाड झाक दिसत नाही. क्लिअरखालचा निळा आजच्या गाडीसारखा दिसतो. एक तोटा लक्षात ठेवा: पॉलिश करताना पॅडला निळा रंग लागतो, म्हणजे दरवेळी थोडा रंगच कमी होतो. म्हणून सुकलेला थर ६०-७० मायक्रॉनपर्यंत न्या आणि कडांवर मशीन चालवू नका. उभी धार पहिली उघडी पडते.

मापं देतो. आतला-बाहेरचा सगळा भाग धरून साधारण ३ लिटर न मिसळलेला रंग घ्या. २:१ प्रमाण असेल तर त्याला दीड लिटर हार्डनर आणि सुमारे १० टक्के थिनर, म्हणजे गनमध्ये जाणारा माल पाच लिटरच्या आसपास. यातला बराचसा हवेत उडतो, म्हणून आकडा मोठा वाटतो. प्रमाण मात्र डब्याच्या पत्रकातलंच पाळा, कंपनीनुसार ते बदलतं. नमुन्यासाठी आणि पुढे टवके भरायला अर्धा लिटर जास्तीचा घ्या, हार्डनर न घालता घट्ट बंद करून ठेवा. सगळे डबे आधी एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळा. दोन डब्यांतला बारीक फरक दाराच्या मधोमध दिसला तर तिथे काही करता येत नाही.

प्रायमरचा करडा रंगही महत्त्वाचा. गडद निळ्याखाली मध्यम ते गडद करडा घ्या. फिकट प्रायमरवर कडा आणि वळणं झाकायला तिसरा-चौथा कोट द्यावा लागतो, आणि तिथेच ओघळ येतात. झाकलं गेलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं स्टिकर एका कोपऱ्यात लावा. चौकड्या दिसेनाशा झाल्या की रंग पुरेसा बसला.

क्रम असा: टू-के प्रायमरचे दोन-तीन कोट, त्यावर काळा गाइड कोट (घासताना उंच-सखल जागा दाखवणारा पातळ फवारा), लांब ब्लॉकवर ३२०, मग ४००, शेवटी ५०० किंवा ६०० ओला. गोल मडगार्डवर कडक ब्लॉक चालत नाही, तिथे मऊ पॅड घ्या. मग रंगाचे दोन पूर्ण ओले कोट, मधे १०-१५ मिनिटं. घाई केली तर वरचा थर बंद होतो, खालचं थिनर अडकतं आणि टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडले तर कारण सिलिकॉन असतं, बहुधा जुन्या पॉलिशचं. म्हणून घासण्याआधीही आणि नंतरही डिग्रीझरने दोन फडक्यांनी पुसायचं, एक ओलं, एक कोरडं.

टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे वासावरून मास्क काम करतोय असं समजू नका. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण अंग झाकणारा सूट. तशी सोय नसेल तर घासकामापर्यंत सगळं स्वतः करा आणि गन बूथ असलेल्या माणसाकडे सोपवा.

एअरकूल्ड_६६

निळा ठरला, जन्मदाखलाही मागवतो. शेवटचा प्रश्न: मडगार्ड बॉडीला बसवून, बीडिंगसह एकदम रंग मारला तर शेड एकसारखी येईल असं एक जण सांगत होते.

जुना_इनॅमल

नका मारू. बीडिंग पीव्हीसीचं असतं, त्यावर कडक पीयू धरत नाही. गाडी हलली की ती रेष तडकते, तडकेतून पाणी जातं, आणि मडगार्डच्या कडेला आतून गंज धरतो. सॉलिड निळ्यात सुट्या भागांची शेड वेगळी येत नाही, फक्त एकाच मिश्रणातून मारा.

बॉडी आणि मडगार्ड दोन्ही वेगवेगळे रंगवून आठवडाभर सुकू द्या. आधी बॉडीवरच्या नटांमध्ये टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून आटे साफ करा, एम८ चे आहेत. मडगार्ड सगळ्या बोल्टांवर सैल लावा, मग बीडिंग वरच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सरकवत बसवा. बोल्टाजवळची खाच नीट बसली आहे ना ते हाताने चाचपा आणि मधल्या बोल्टापासून बाहेरच्या दिशेने थोडं थोडं आवळा. वॉशरखाली रंग चिरडू नये म्हणून मडगार्डच्या बाजूला रुंद वॉशर घ्या. बीडिंग काळं किंवा निळ्याच रंगाचं तयार मिळतं, तुमच्या नमुन्याच्या पत्र्याशेजारी दोन्ही धरून बघा आणि मगच घ्या. वॅक्स मात्र रंग झाल्यापासून महिनाभर लावू नका, आतलं सॉल्व्हंट निघायला तेवढा वेळ लागतो.