१२५ रुपयांच्या आंबेडकर स्मारक नाण्यावर तपकिरी झाक: घासावे का, आणि किंमत किती?

प्रश्न
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १२५व्या जयंतीनिमित्त २०१५ मध्ये निघालेले १२५ रुपयांचे प्रूफ नाणे (संग्राहकांसाठी खास पाडलेले) माझ्या वडिलांनी मागणी नोंदवून घेतले होते. यंदा पाहिले, तर कडेला तपकिरी झाक आलेली दिसली. आईच्या मते देवाच्या चांदीच्या भांड्यांप्रमाणे ते रांगोळीने घासावे. तसे करावे का? शिवाय ओळखीच्या एका दुकानदाराने त्याचे १२५ रुपयेच येतील असे सांगितले, ते बरोबर आहे का?

उत्तर १
कृपया घासू नका. प्रूफ नाणे पाडताना धातूची चकती आणि ठसा दोन्ही चकचकीत करून घेतात आणि एकाहून अधिक वेळा दाब देतात. त्यामुळेच आरशासारख्या पृष्ठभागावर मुखाकृतीचा धूसर उठाव उमटतो. रांगोळीचा एक हात फिरला, तरी त्या आरशावर बारीक ओरखडे पडतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. तपकिरी झाक हवेतील गंधकामुळे चांदीवर आपोआप चढते, जाणकार संग्राहक तिला दोष मानत नाहीत. नाणे कडेनेच धरावे. मऊ पीव्हीसीची पिशवी मात्र टाळावी, कारण तिच्यामुळे कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर जमतो. कठीण प्लास्टिकची बंद कुपी उत्तम.

उत्तर २
किमतीविषयी लिहितो. हे नाणे ३५ ग्रॅमचे असून त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम आहे. उरलेला भाग तांबे, निकेल आणि जस्ताचा. नुसती चांदीच १२५ रुपयांहून कितीतरी अधिक मोलाची आहे, त्यामुळे दुकानदाराचे म्हणणे चूक आहे. त्याच वेळी निघालेले बाबासाहेबांचे १० रुपयांचे नाणे मात्र व्यवहारात छापील किमतीलाच चालते, आणि गोंधळ बहुधा तिथूनच होतो. अशा नाण्याची किंमत शेवटी अवस्था, मूळ वेष्टन आणि मागणी यांवर ठरते, म्हणून वडिलांनी जपलेले वेष्टन टाकू नका.

उत्तर ३
जुनी नाणी लाखो रुपयांना घेतो असे सांगून कुणी आधी शुल्क किंवा कर मागितला, तर पैसे देऊ नका. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून अशी फसवणूक होत असल्याचा इशारा बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. आईला उत्तरे वाचून दाखवली. रांगोळीचा डबा तिने स्वतःच परत ठेवला. नाणे विकायचे नाही, वडिलांच्या हातचे आहे. कुपी आज मागवतो.