सल्ला हवा: प्रीमियम सिगार ओळखायचा कसा?

नवखा_०७: भावोजींना वाढदिवसाला सिगार द्यायचेत. मी ओढत नाही. बजेट बेताचं, सुटे दोन-तीनच घेणार. पण जो डबा उचलावा त्यावर 'प्रीमियम' छापलेलं! खरा कुठला?

धूम्रकेतू: २५ ची पेटी घ्या. क्यूबन. बाकी सगळा पालापाचोळा.

जुनाजाणता: छापलेलं सोडा. हाताने वळलेला हवा आणि आत लाँग फिलर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पानं. यंत्रावरच्यात बहुधा चुरा असतो, बाइंडरही (फिलर बांधून ठेवणारा आतला थर) पुष्कळदा तंबाखूच्या लगद्याचा. पेटवायच्या टोकाकडून निरखून बघा: पानांच्या घड्या दिसल्या तर ठीक, बोटाला भुगा लागला तर ठेवून द्या. अमेरिकेत २०२३ मध्ये कोर्टाने प्रीमियम सिगार एफडीएच्या (तिथलं अन्न-औषध प्रशासन) नियमातून वगळले, तिथली व्याख्याही साधारण हीच. रॅपर, म्हणजे बाहेरचं वेष्टन, अख्ख्या पानाचं, बाइंडर पूर्ण पानाचा, फिलर वजनाने किमान ५०% लाँग, शिवाय फिल्टर नाही आणि तंबाखूखेरीज दुसरा स्वाद नाही.

गडगंज: जाडी बघा हो. माझा ६० रिंगचा आहे, मुठीत मावत नाही.

राखुंडी: रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. जाडीचा दर्जाशी काय संबंध? उद्या म्हणाल काळा रॅपर म्हणजे कडक. कडकपणा मुख्यतः आतल्या लिखेरोचा, झाडाच्या शेंड्याकडच्या पानांचा.

धूम्रकेतू: म्हणूनच क्यूबन.

राखुंडी: चुऱ्याचे क्यूबातही निघतात, साहेब. पेटीवर 'त्रिपा कोर्ता' (आखूड फिलर) वाचा.

सोशिक: कुठलाही घ्या, ठेवणार कुठे? माझे महागडे सिगार उघड्या कपाटात राहिले. कातरताना रॅपर पापडासारखं तडकलं. ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रतेची पुडी, झालं काम. दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नव्हतं, पैसे मात्र मोजून घेतले.

वाचकमात्र: कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो, हाताने वळलेलाच घ्या.

निर्व्यसनी: पेन द्या. कॅन्सर भेट देताय का?

गडगंज: पेनही जाडच चांगलं.

नवखा_०७: सगळ्यांचे आभार. भावोजींना आडून विचारलं, त्यांना व्हॅनिलावालेच आवडतात. तेच घेतले, यंत्रावरचे. डबा झकास आहे.

राखुंडी: अरे देवा.

जुनाजाणता: हरकत नाही. फक्त दुसऱ्या सिगारांच्या डब्यात ते ठेवू नका म्हणावं. सगळ्यांना व्हॅनिलाचा वास लागतो.