साऊ लोरेन्सोची वाट: चपलांवर नको

पोर्तुगालच्या मदेइरा बेटाच्या पूर्व टोकाची ही वाट 'सपाट आहे, चपलांवर होते' असं कुणीतरी लिहिलंय. अहो, सपाट कुठली! वाट सुरू होते त्या बाइया द'आब्रापासून एका बाजूने जेमतेम ४ किमी, पण चढउतार सारखे, आणि परतताना तेच सगळं उलटं. बाकीचं बेट हिरवंगार, इथे मात्र झाड औषधालाही नाही. सावली थेट शेवटी, कासा दु सार्दिन्या या घराजवळच्या पाम झाडांखाली. पाणी माणशी दीड लिटर तरी घ्याच. वाऱ्याने माझी टोपी अटलांटिकला अर्पण झाली.

सह्याद्रीत भटकलेल्यांनी इथले कडे निरखावेत. राखेच्या तांबड्या-पिवळसर थरांना चिरत काळ्या उभ्या भिंती वर गेल्यात. भेगांत घुसलेला लाव्हा तिथेच थिजला, भोवतालची मऊ राख झिजली, या भिंती, म्हणजे डाइक, उभ्या राहिल्या.

डबा सांभाळा. तिथले सरडे भलतेच धीट, एकाने आमच्या थेपल्याचा तुकडा हातातून पळवला. मुद्दाम मात्र खायला घालू नका.

आणि हो, टोकावरून दिसणारं दीपगृह वेगळ्या बेटावर आहे, तिथवर चालत जाता येत नाही.