मदत हवी आहे: ह्युंदाईची आय२० घ्यायचं ठरलंय, पण साधी घेऊ का एन लाइन?

नमस्कार मंडळी,

इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

घरात २००९ ची सँट्रो आहे, आप्पांनी घेतलेली. २०२४ ला पंधरा वर्षं झाली म्हणून ग्रीन टॅक्स भरून पासिंग परत करून घेतलं, आता दीड लाख किलोमीटर झालेत, क्लच दोनदा बदललाय आणि मागच्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी यायला लागलं तेव्हा आप्पा स्वतःच म्हणाले की आता बास. जीएसटी २८ चा १८ झाल्यापासून (२२ सप्टेंबर २०२५, चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोलला) मी पण मागं लागलोच होतो. आय२० वर सगळ्यांचं एकमत झालं, कारण आईला चढायला-उतरायला बरी वाटली आणि मागं एसीचे व्हेंट आहेत. भांडण आता एवढंच की कुठली आय२०, साधी का एन लाइन, म्हणजे तिचंच स्पोर्टी मॉडेल.

वापर सांगतो. मी पुण्यात, वाकडला. ऑफिसला रोज गाडी नेत नाही, आठवड्यातून दोनदा फार तर. पण दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला घरी जाणं असतं, बायको आणि चार वर्षांची मुलगी बरोबर, आणि सणासुदीला आई-आप्पांना पुण्याला आणणं-सोडणं. वर्षाचे दहा हजार किलोमीटर होत असतील, त्यातला निम्मा हायवे.

तर पर्याय एक म्हणजे एकदम बेस, एरा. १.२ लिटरचं साधं इंजिन, ८३ पीएस, ११५ एनएमचा टॉर्क (ओढायचा जोर). लोखंडी रिम, स्क्रीन नाही. पण सहा एअरबॅग आहेत, तिथं कंजुषी केलेली नाही म्हणून हा पर्याय डोक्यात तरी आला, नाहीतर बेस मॉडेलकडं मी ढुंकून बघितलं नसतं. पर्याय दोन म्हणजे एन लाइन, एन६ मॅन्युअल. १.० टर्बो, १२० पीएस, १७२ एनएम, सहा गिअर, १६ इंची अलॉय, चारी चाकांना डिस्क ब्रेक, मागं दोन सायलेन्सरची तोंडं. २०२३ च्या फेसलिफ्टपासून टर्बो इंजिन फक्त एन लाइनमधेच मिळतं, म्हणजे साधी बॉडी आणि टर्बो इंजिन असं मधलं काही घेता येत नाही, ही खरी गोची आहे. (मधे स्पोर्ट्झ नावाचं एक व्हेरियंट आहे, पण त्यात स्पोर्ट ते नावापुरतंच, इंजिन तेच १.२. मी ते नाव बघून आधी खुश झालो होतो आणि घरी सांगून पण बसलो होतो की स्पोर्ट मॉडेल परवडतंय.)

दोन्हीच्या ऑनरोडमधे अडीच लाखांच्या आसपास फरक पडतोय. कर्ज काढणारच आहे, त्यामुळे हप्त्यात बघितलं तर जमेल असं वाटतं, पण जमेल असं वाटूनच माणूस अडकतो हे पण माहितीये.

आता मनातलं सांगतो. टेस्ट ड्राइव्हला एन लाइन चालवली आणि उतरताना हात थरथरत होते, वय ३६ आहे माझं. दुसऱ्या गिअरला नुसतं पाय ठेवला तर ती जी निघाली, सँट्रोच्या सोळा वर्षांत हे सुख मिळालं नव्हतं. स्टिअरिंग पण जड, भरीव. आप्पा शेजारी बसले होते, त्यांनी सीटवरच्या लाल शिलाईवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "लाल दोरा घातला म्हणून गाडी जास्त पळती व्हय रं?" सेल्समन पोराला काय बोलावं कळेना.

त्यांचं म्हणणं, चार चाकं, एक स्टिअरिंग, एसी, झालं की. उरलेल्या पैशात साताऱ्याच्या घराचा स्लॅब वॉटरप्रूफ करून घे. मुद्दा चुकीचा नाही, स्लॅब खरंच गळतोय.

तर विचारायचं असं की खंबाटकी घाटात, चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू, अशा वेळी १.२ दम तोडते का? दुसरं, एन लाइनचं सस्पेन्शन कडक आहे म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो का? ज्यांच्याकडं दोन वर्षं तरी आहे त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूब बघून बघून डोकं फिरलंय.

प्रतिसाद

माझ्याकडं १.२ मॅन्युअल आहे, कोल्हापूर-पुणे नेहमी होतं. दम तोडत नाही, पण मागायला लागतं. ह्या इंजिनचा पूर्ण टॉर्क चार हजार आरपीएमच्या वर मिळतो, त्यामुळे घाटात ट्रकच्या मागं अडकलात आणि तिसऱ्यातनं ओव्हरटेक करायला गेलात तर हिरमोड होणार. दुसरा टाका, इंजिन ओरडू द्या, जाते. बायको म्हणते गाडी रडतीये, मी म्हणतो गाते आहे. टर्बोला तोच जोर दीड हजारापासूनच मिळतो, फरक तिथं आहे, टॉप स्पीडमधे नाही. आणि वाकडच्या ट्रॅफिकमधे दोन्ही सारख्याच.

प्रतिसाद

एक गंमत सांगतो, एजन्सीवाले सांगत नाहीत. थर्ड पार्टी इन्शुरन्स सीसीवर असतो, पॉवरवर नाही. टर्बो ९९८ सीसी, म्हणजे हजाराच्या आत, नव्या गाडीला तीन वर्षांचे ६५२१. साधी १.२ म्हणजे ११९७ सीसी, तिला १०,६४०, वर जीएसटी. म्हणजे स्पोर्टवाल्याचं थर्ड पार्टी साध्यापेक्षा कमी! ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) अर्थात गाडीच्या किमतीवर असल्यामुळे तिथं वाढतं, हुरळून जाऊ नका. आणि एन८ (एन लाइनमधलं एन६ च्या वरचं मॉडेल) कडं मन वळलं तर एक्स शोरूम दहा लाखांच्या वर जाते का बघा, आपल्याकडं पेट्रोलला दहाच्या आत ११ टक्के आरटीओ टॅक्स, वर गेलं की १२.

प्रतिसाद

सस्पेन्शनचं लोकांना विचारून कळणार नाही. परत टेस्ट ड्राइव्ह घ्या, बायकोला चालवू दे आणि तुम्ही आईंना घेऊन मागं बसा. रस्ता पण तुम्हीच निवडा, शोरूमवाले गुळगुळीत रोडवरनं फिरवून आणतात. तीन-चार स्पीडब्रेकर आणि एखादा उखडलेला पॅच पाहिजे. आम्ही हे न करता दुसरी एक कडक गाडी घेतली आणि आता सासूबाई एसटीने येतात.

प्रतिसाद

एरा घेऊन बाहेरून अलॉय आणि स्टिरिओ टाकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा, स्टिरिओ कपलरवरच (गाडीच्या तयार प्लगवर) बसवून घ्या. वायर कट केली आणि उद्या इलेक्ट्रिकलचं काही निघालं तर वॉरंटीवरनं वाद घालत बसाल. त्यापेक्षा एराच्या वरची मॅग्ना घ्या ना सरळ.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. थर्ड पार्टीचं आप्पांना सांगितलं तर पाच मिनिटं हसत होते, पण मत बदललं नाही.

मागं बसून बघायचा सल्ला मानला. शनिवारी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर घेतल्या, आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खणून तसाच बुजवलेला पट्टा आहे तिथून. बायकोनं चालवली. साध्या गाडीत पट्ट्यावरनं जाताना धप झालं आणि विषय संपला. एन लाइनमधे तोच पट्टा आधी पुढच्या चाकाला लागला, मग मागच्या, आणि आईनं वरचं हँडल पकडलं ते सोसायटीच्या गेटपर्यंत सोडलं नाही. तिनं तक्रार केली नाही, ती करतच नाही. उतरताना फक्त म्हणाली, "आत अंधार वाटतो रे." आतनं सगळी काळी आहे ना. साध्या गाडीत करडा रंग आहे, त्यात बसल्यावर पर्स उघडून गोळ्या शोधत होती, एन लाइनमधे पर्स उघडलीच नाही. पुढं बसून मला हे जन्मात कळलं नसतं.

तरी पण. घरी आल्यावर रात्री मी परत एन लाइनचे व्हिडिओ बघत बसलो होतो हे कबूल करतो.

प्रतिसाद

मग घ्या की एन लाइन, आईंना वर्षातनं किती वेळा बसायचंय? स्वतःच्या पैशाची पहिली गाडी आहे, पुढची दहा वर्षं पार्किंगमधे मागं वळून बघाल की नाही हा पण हिशोब असतो. फक्त टर्बोचं ऑइल वेळच्या वेळी आणि मॅन्युअलमधे सांगितलेलंच टाका, आणि घाट चढून वर आल्या आल्या लगेच इंजिन बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू ठेवा.

प्रतिसाद

एन लाइनचे ५५ प्रोफाइलचे, म्हणजे बुटके टायर आणि आपले खड्डे हे पण धरा हिशोबात. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकलं की नवीन. मी दोन वर्षांत एक घालवलंय, पावसाळ्यात, पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही.

धागाकर्ता

आईंना किती वेळा बसायचंय, ह्यावर दोन दिवस विचार केला. मोजलं तर वर्षातून पंधरा-वीस वेळा. आणि मी एकटा, रिकामा रस्ता, घाट, असं किती वेळा हे मोजायला बसलो तर मागच्या वर्षातला एक पण दिवस आठवेना.

त्यामुळे एन लाइन आता यादीतनं काढलीये, लिहिताना पण जिवावर येतंय. एरा का मॅग्ना एवढंच उरलंय, मॅग्नाकडं कल आहे, स्क्रीनसाठी बाहेरचं काम करून घ्यायचं नाही ठरलंय. टोकन अजून दिलं नाही, कारण १.२ ची घाटातली शंका फिटलेली नाही.

मित्राच्या बहिणीकडं साताऱ्यात १.२ आहे, रविवारी मागून घेतलीये. आई, आप्पा, बायको, मुलगी, सगळ्यांना भरून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन येतो. सँट्रोत घाट लागला की आप्पांचा हात आपोआप एसीच्या बटणाकडं जायचा, बंद करायला. ह्या वेळी त्यांना मागं बसवणार आहे. सोमवारी लिहितो.