मदत हवी आहे: जुनी डिझेल फॅमिली गाडी, मराझो की अर्टिगा?

मंडळी, पाच माणसं, त्यात एक चाइल्ड सीट, शिवाय मागे सामानाला जागा हवी. खरी डिझेल स्टेशन वॅगन म्हणजे ऑक्टाव्हिया कॉम्बी किंवा इंडिगो मरीना. पण त्यांची १५ वर्षं उलटली, आता आरसीचं नूतनीकरण आणि सुटे भाग हा मोठाच व्याप. म्हणून २०१९ ची मराझो किंवा अर्टिगा बघतोय. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी मराझोला ४ तारे, अर्टिगाला ३. मुलांसाठी मात्र मराझोला २, अर्टिगाला ३. इथेच गाडं अडलंय. दोन्ही बीएस-४ (जुना प्रदूषण निकष), डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नाही. सायन-अंधेरीच्या ट्रॅफिकला तेच बरं, कारण फिल्टरमधली काजळी जळायला सलग वेग लागतो.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतोय. गाळाचा डाग बहुतेकदा तिथे राहतो. सीटच्या रुळांचे बोल्टही गंजलेत का ते बघतोय. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही तर दोष लपवलेला असू शकतो.

आयसोफिक्स (गाडीतल्या हुकांना थेट अडकणारी) चाइल्ड सीट नीट बसवली तर मराझो घ्यावी का? आणि लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत क्लच, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) यांपैकी मेकॅनिकला आधी काय तपासायला सांगू?