पहिली डेट गच्चीवर
नवीन लग्न झालंय, दर आठवड्याला सिनेमा-हॉटेल परवडत नाही, मग दोघांनी जायचं कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर मी म्हणेन, आधी गच्चीवर जा! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साध्या डोळ्यांनी दिसतं, सूर्यास्तानंतर थोड्या वेळाने किंवा पहाटे. वेळा नेटवर मिळतात. न लुकलुकणारा ठळक ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच विझतो. पहिल्यांदा तो विझला तेव्हा बायकोने माझं मनगट घट्ट धरलं होतं, अजून आठवतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो; त्याला एक चटई आणि पांघरूण पुरतं. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात, तोवर मोबाइल खिशातच राहू द्या. खऱ्या गप्पा तेव्हाच होतात.

ढग असतील तर वाचनालय किंवा संग्रहालय. काही संग्रहालयांत ठरावीक दिवशी प्रवेश मोफत असतो.

घरच्यांसोबत राहत असाल तर वार मात्र आधीच सांगून टाका. आम्ही गुरुवार ठरवला होता. पुढे पुढे आईच विचारायची, "आज गुरुवार ना, अजून घरात कसे?"